पुढच्या बॅचला

नापास झालेल्या बाईची समजूत कशी घालायची, हे मास्तरांना तोंडपाठ होतं. आधी पाणी पुढे करायचं. मग म्हणायचं, "होतं असं. परीक्षेच्या दिवशी गाडीलासुद्धा कळतं, आज परीक्षा आहे म्हणून." मग आपण थोडं हसायचं, म्हणजे तीही हसते. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेल्या माणसाने हे किती जणींना ऐकवलं असेल, याची गणतीच नव्हती. आज परीक्षा केंद्राच्या लांबट खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ते तेच वाक्य मनात घोळवत होते. पाण्याचा कागदी पेला भरून शेजारच्या खुर्चीवर तयार ठेवला होता. परीक्षा त्यांच्या बायकोची होती.

काचेचं दार ढकलून आधी परीक्षक आत आला आणि टेबलामागे गेला. त्याच्या मागून बायको आली. तिच्या हातात एक कागद होता. चेहऱ्यावरून काही कळेना, पण तिच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळायचं नाही. वीस वर्षं नर्सचं काम केलं की चेहरा तसाच होतो. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो, झाले पास."

मास्तरांचं वाक्य तोंडातच राहिलं. "वा," ते म्हणाले. मग तेवढंच बरं दिसणार नाही म्हणून त्यांनी विचारलं, "चुका किती?"

"तीन. बारीक आहेत."

"कुठल्या?"

तिने सांगितल्या. मास्तरांनी प्रत्येक चुकीला मान हलवली, जणू त्या त्यांना आधीपासून ठाऊक होत्या. मग त्यांनी शेजारचा पेला उचलला आणि पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

याच खोलीत ते दोन वेळा नापास झाले होते.

दीड वर्षापूर्वी हे कुटुंब या देशात आलं, ते बायकोच्या नोकरीमुळे. शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमाला अनुभवी नर्स हवी होती आणि पगार चांगला होता. पंधरा वर्षांच्या लेकीला शाळाही मिळत होती. मास्तरांनी फार विचार केला नाही. ज्याला गाडी चालवता येते तो कुठेही उपाशी मरत नाही, असं ते म्हणाले आणि स्कूलची दोन ब्रेकची गाडी विकून टाकली. ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो. त्या ब्रेकवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गावातले दोन हजारांवर लोक त्यांच्या शेजारी बसून शिकले होते. डॉक्टर, भाजीवाले, नव्या सुना, निवृत्त हेडमास्तर, सगळ्यांना ते एकाच पट्टीत ओरडायचे. "कुठं बघताय? रस्ता तिकडं आहे." कुणी फारच गोंधळ घातला तर डॅशबोर्डवर तळहात आपटायचे. बायका रडायच्या. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. रडलेली बाई पुढे गाडी नीट चालवते, असा त्यांचा अनुभव होता.

त्यांच्या बायकोला मात्र गाडी येत नव्हती. तिने तीन वेळा विचारलं होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एकदा, लेक झाल्यावर एकदा, आणि हॉस्पिटल गावाबाहेर गेलं तेव्हा एकदा. मास्तर दर वेळी म्हणाले, "बघू, पुढच्या बॅचला घेऊ तुला." तिच्या वॉर्डातल्या चार नर्सेस त्यांच्याकडे शिकून गेल्या. तिची बॅच काही आली नाही. मी आहे ना सोडायला, असं मास्तरांना खरोखरच वाटायचं.

इथे आल्यावर गावाकडचं लायसन्स पहिले सहा महिनेच चालेल, असं कळलं. त्यानंतर नव्याने परीक्षा. मास्तर हसले होते. मला परीक्षा? मग त्यांनी ती दिली. इथे गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालत आणि गिअर भलत्याच हाताला असे. मास्तरांचा डावा हात गिअरकडे जाई आणि दाराच्या कडीवर आपटे. थांबण्याच्या पांढऱ्या रेषेवर त्यांची गाडी थांबत नसे, सरपटत पुढे जाई. समोर एक म्हातारी रस्ता ओलांडत होती, तर त्यांनी हॉर्न वाजवला. इथे हॉर्न म्हणजे जवळजवळ शिवीच. परीक्षकाने त्या हॉर्नखाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या वेळी हॉर्नला त्यांनी हातही लावला नाही, पण चौकात एका हाताने स्टिअरिंग फिरवलं आणि दुसरा हात खिडकीवर टेकवला. बावीस वर्षांचा हात तो, त्याला कुठं माहीत की आज खिडकीवर बसायचं नाही.

तोवर मास्तर एका गोदामात खोके भरायच्या कामाला लागले होते. लायसन्स आणलंत तर मालाची व्हॅन तुम्हाला देऊ, असं मुकादम म्हणाला होता. तो दर सोमवारी विचारायचा. मग त्याने विचारणं बंद केलं.

बायकोची पाळी सकाळी सहाला सुरू होई आणि पहिली बस साडेसहाला सुटे. आश्रमातली स्वयंपाकीण त्यांच्याच गल्लीत राहायची, तीच बायकोला आपल्या गाडीतून नेत असे. ती महिनाअखेरीला बहिणीच्या गावी कायमची जाणार होती आणि तिची जुनी गाडी बायकोला देऊन जाणार होती. तेव्हा आता आपणच शिकून घ्यायला हवं, असं बायकोने ठरवलं. तिने मास्तरांना विचारलंच नाही. विचारून उपयोगही नव्हता, कारण इथलं लायसन्स नसलेल्या माणसाने शिकाऊ माणसाशेजारी बसायचं नाही, असा नियम होता. मास्तरांनी तो नियम पुस्तकात स्वतः शोधून काढला आणि तीन वेळा वाचला.

बायकोला शिकवायला एक बाई येऊ लागली. साठीची, उंच, काटकुळी, पांढरे केस बारीक कापलेले. तिची छोटी निळी गाडी आठवड्यातून दोनदा इमारतीखाली येऊन उभी राही आणि मास्तर तिसऱ्या मजल्यावरून पडद्याआडून बघत. ती गाडीतून उतरून बायकोसाठी चालकाचं दार उघडायची. मास्तरांनी कुठल्याही शिष्यासाठी कधी दार उघडलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात एकच असे. बाई म्हणतात, वळताना घाई करायची नाही. बाई म्हणतात, रस्ता आपला एकटीचा नाही पण आपलाही आहे. शाळेतल्या पोरी बोलतात ना आपल्या बाईंबद्दल, तसा तिचा सूर असे. एका जेवणात मास्तरांनी मोजलं, अकरा वेळा. एकदा तर तिने हसत हसत सांगितलं, "सिग्नलला माझी गाडी बंद पडली. मागं पाच गाड्या. मला घाम फुटला हो. आणि बाईंनी काय केलं, पर्समधून पेपरमिंटची गोळी काढली, तोंडात टाकली, आणि म्हणाल्या, वेळ आहे आपल्याकडे."

"ओरडल्या नाहीत?" लेकीने विचारलं.

"छे. त्या ओरडतच नाहीत."

लेक मास्तरांकडे बघून गालात हसली. तिच्या मनात काही नव्हतं, पण मास्तरांनी हातातला घास परत ताटात ठेवला. ते म्हणाले की असं लाडाने शिकवलं तर माणूस परीक्षा पास होईल, गाडीवाला होणार नाही. लेकीने आमटी मागितली, बायकोने वाढली. वाद घालण्याइतकंही त्यांचं मत कुणाला महत्त्वाचं वाटलं नव्हतं, हे त्यांना जास्त लागलं.

त्यांना तोपर्यंत हेवा म्हणजे दुसऱ्याच्या बंगल्याबद्दल, नोकरीबद्दल वाटणारी गोष्ट वाटायची. स्वतःच्या बायकोबद्दल, तीही रोज आपल्याच ताटाशेजारी ताट घेऊन बसणाऱ्या बायकोबद्दल असं पोटात दुखू शकतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि दुखणं एक नव्हतं, दोन होती. ती शिकते आहे हे एक. दुसऱ्या कुणाकडून शिकते आहे हे दुसरं. यातलं कुठलं जास्त दुखतं, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

मग तो सोमवार आला. मास्तर दुसऱ्यांदा नापास झाले त्याला चार दिवस झाले होते. गोदामाला सुट्टी होती. बायको पाळी संपवून आली होती आणि आत झोपली होती. तिचा फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वाजला. पडद्यावर 'बाई' असं लिहिलेलं होतं. मास्तरांनी तो उचलला.

बाईने शांतपणे सांगितलं की येत्या गुरुवारी सकाळी नऊची परीक्षा कुणीतरी रद्द केली आहे. ती जागा तुमच्या पत्नीला मिळू शकेल. पण आज पाचच्या आत कळवावं लागेल, नाहीतर ती दुसऱ्याला जाईल, आणि पुढची तारीख पाच आठवड्यांनी आहे. सांगाल ना?

"सांगतो," मास्तर म्हणाले.

तेव्हा अडीच वाजले होते. दमून आली आहे, जरा झोपू दे, असं ते मनाशी म्हणाले. हे खोटं नव्हतं. तीन वाजता त्यांनी भांडी घासायला घेतली. त्यांची स्वतःची पुढची परीक्षा अजून अडीच महिन्यांनी होती. चार वाजता ते झोपण्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ती कुशीवर झोपली होती आणि उशीशेजारी नियमांचं पुस्तक उघडं पडलं होतं. समासात बारीक पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं, बाईंनी सांगितलेलं असणार. मास्तर परत आले आणि खुर्चीवर बसले. काही करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. बसून राहण्याला काही गुन्हा म्हणत नाहीत. पाच वाजले. मग मात्र त्यांनी फोन हातात घेतला, आलेल्या कॉलची नोंद शोधली आणि पुसून टाकली. ते नुसतं बसून राहणं नव्हतं.

साडेपाचला ती उठली. चहा घेताना म्हणाली, "फोन वाजल्यासारखा वाटला मला झोपेत. कुणाचा होता का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

महिनाअखेरीला स्वयंपाकीण गेली. तिची करड्या रंगाची जुनी गाडी इमारतीखाली उभी राहिली, आणि बायको रोज पहाटे त्या गाडीच्या शेजारून पायी जाऊ लागली. पन्नास मिनिटांची वाट. दिवस थंडीचे. मास्तर पहिल्या दिवशी टॉर्च घेऊन तिच्याबरोबर निघाले तेव्हा ती म्हणाली, तुम्ही कशाला, तुम्हाला आठला कामावर जायचंय. तरी ते रोज अर्ध्या वाटेवरच्या पुलापर्यंत जात. वाटेत दोघं फारसं बोलत नसत. पुलावर ती टॉर्च त्यांच्या हातातून घेई आणि पुढे जाई. असे अठरा दिवस. अठराव्या दिवशी तिच्या टाचेला फोड आला होता आणि ती तरीही त्यांच्यापेक्षा भरभर चालत होती. एकदा मास्तरांच्या ओठावर सगळं आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "बाई म्हणतात, माझी तयारी पूर्ण झालीय." आलेलं सगळं परत आत गेलं.

आणि आता ती पास झाली होती. तीन बारीक चुका.

पहिल्या रविवारी ती दोघांना गाडीतून फिरायला घेऊन निघाली. मास्तर ऐटीत तिच्या शेजारी बसले, लेक मागे. गल्ली संपायच्या आत त्यांचं तोंड सुरू झालं. गिअर बदल. आता बदल. एवढं हळू काय, मागचे शिव्या देतील. चौक जवळ आला आणि त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि जमिनीवर जोरात दाबला गेला.

"अहो," बायको रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "तिथं काही नाहीये."

लेक खुदकन हसली. पुढच्या चौकात पाय पुन्हा गेला. त्याच्या पुढच्या चौकात मास्तर ओरडले, "कुठं बघतेस? रस्ता तिकडं आहे." आणि त्यांचा तळहात डॅशबोर्डवर आपटला.

बायकोने वळणाचा दिवा लावून गाडी कडेला घेतली, थांबवली, बंद केली. हात मांडीवर ठेवले. मग वळून शांतपणे म्हणाली, "तुम्ही मागे बसा."

मास्तरांना वाटलं ती चेष्टा करते आहे. ती वाट बघत राहिली. ते उतरले. लेक मुकाट्याने पुढे गेली. मागच्या सीटवर गुडघे वर येत होते आणि समोर बायकोच्या मानेवरचे दोन-चार पिकलेले केस दिसत होते. गाडी ती चांगली चालवत होती. सगळ्यात वाईट म्हणजे ते त्यांना कळत होतं. वळण घेताना ती वेग असा काही उतरवायची की आतल्या माणसाला कळूही नये. त्यांच्या दोन हजार शिष्यांपैकी असं करणारे फार तर पाच-सहा असतील, आणि त्यांना ते मास्तरांनी शिकवलेलं नव्हतं, ते मुळातच तसे होते.

दोनदा नापास झालेल्या माणसाने तिसऱ्या परीक्षेआधी मान्यता असलेल्या शिक्षकाकडे दहा तास शिकल्याचा दाखला आणायचा, असा इथला नियम होता. मास्तरांनी शहरातल्या सगळ्या शिक्षकांना फोन केले. कुणाकडे दोन महिने जागा नव्हती, कुणाकडे तीन. शेवटी लेकीनेच एका दुपारी कुणाला न विचारता बाईला फोन लावला आणि वेळ ठरवून टाकली. मास्तर तिच्यावर रागावले, पण बेताचेच.

निळी गाडी आली. बाईने उतरून त्यांच्यासाठी चालकाचं दार उघडलं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते आत बसले. बाई दुसऱ्या बाजूने आली आणि तिच्या पायाशी असलेल्या ब्रेककडे मास्तरांचं लक्ष गेलं. रबर झिजलं होतं. फार वापरल्याने नव्हे, पाय नुसता ठेवून ठेवून झिजतं तसं.

"तुमची पत्नी सांगत होती, तुम्ही शिक्षक आहात," बाई म्हणाली. इथली भाषा ती सावकाश बोलायची, त्यांना कळावी म्हणून.

"होतो," मास्तर म्हणाले.

बाईने निघायची खूण केली. पांढऱ्या रेषेवर त्यांची गाडी सरपटली तेव्हा ती म्हणाली, "परत." वळसा घालून ते पुन्हा तिथेच आले. पुन्हा सरपटली. "परत." सहाव्या वेळी चाक जागच्या जागी थांबलं. बाई नुसती हुंकारली आणि मास्तरांना पहिलीत पाटीवर बरोबरची खूण मिळाल्यासारखं वाटलं. स्वतःचा त्यांना रागच आला.

परतताना मोठ्या चौकात लाल दिवा लागला. मास्तर व्यवस्थित थांबले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. दिवा लांबलचक होता. बाई सहज बोलावं तसं बोलू लागली. तुमच्या पत्नीसारखी शिष्या मला फार दिवसांत मिळाली नव्हती. त्या गुरुवारी परीक्षा दिली असती तरी ती पास झाली असती, मी तिला तसं म्हटलंसुद्धा. जागा हातची घालवलीस म्हणून थोडी रागावलेही होते तिच्यावर.

मास्तरांनी उगाच आरसा नीट केला.

"पण ती म्हणाली, तुम्ही निरोप लगेच दिला होता. तिचीच हिंमत झाली नाही," बाई म्हणाली. "असतं कुणाकुणाचं. घाई करून उपयोग नसतो."

दिवा हिरवा झाला. मास्तरांनी क्लच सोडला, आणि गाडी एक गचका देऊन बंद पडली. बावीस वर्षांत त्यांच्या पायाखाली गाडी बंद पडली नव्हती. त्यांनी किल्ली फिरवली. पुन्हा गचका. मागे गाड्या थांबल्या होत्या. हॉर्न कुणीच वाजवला नाही. वाजवला असता तर बरं झालं असतं. मास्तरांच्या मानेवरून घामाचा ओघळ आत गेला. बाईने पर्स उघडली, एक गोळी काढली, आणि दुसरी त्यांच्यापुढे धरली.

"वेळ आहे आपल्याकडे," ती म्हणाली.

ते घरी आले तेव्हा दुपार होती. लेक शाळेत होती. बायको खिडकीजवळच्या उन्हात बसून गणवेशाचं तुटलेलं बटण लावत होती. मास्तरांनी बूट काढले, हात धुतले, पुन्हा धुतले. मग तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. ती दोऱ्याला गाठ मारत होती.

"तो निरोप," मास्तर म्हणाले.

तिने वर पाहिलं नाही. "कुठला?"

"गुरुवारचा."

तिने सुई बटणातून ओढली. "पुढच्याच तासाला कळलं होतं मला. बाईंनी विचारलं, काय झालं म्हणून."

"मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?" ती म्हणाली. "राग होताच, आणि पायी जायला लागल्यावर पहिले चार दिवस तर फार. चालताना सगळं ठरवायचे, आज बोलायचं, असं बोलायचं. पुलापर्यंत तुम्ही बरोबर असायचा. पुलानंतर मोठ्यानं बोलायचे, एकटीच. मग टाचा दुखायला लागल्या. रागाला वेळच उरला नाही."

"बाईंना खरं का नाही सांगितलंस?"

आता तिने वर पाहिलं. "ती परकी बाई. तिच्यासमोर तुमचं काय काढायचं?"

मास्तरांना बोलायचं होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली. "ते चुकलंच. पण त्याहून एक सांगते. वीस वर्षं मी पुढच्या बॅचची वाट बघितली. इथे येऊन मी शिकले तेव्हा तुम्हाला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. निदान म्हणाल, उशीर केला मी. तेवढं काही आलं नाही तुमच्या तोंडून." तिने दोरा दाताने तोडला, बटण ओढून पाहिलं आणि गणवेश घडी करून ठेवला. मग सवयीने विचारलं, "जेवलात का?"

"नाही."

"मग बसा. वाढते."

"मी घेतो," मास्तर म्हणाले. त्यांनी दोघांचं वाढून घेतलं.

दहा तास पूर्ण झाले. तिसऱ्या परीक्षेला मास्तर पास झाले. काचेच्या दाराबाहेर बायको आणि लेक दोघीही आल्या होत्या. कागदावर चार बारीक चुका होत्या. तिच्या तीन होत्या. हे त्यांच्या लगेच लक्षात आलं आणि लगेच लाजही वाटली, पण लक्षात आलंच. त्यांनी कागद बायकोच्या हातात दिला. तिने तो नीट वाचला आणि एका चुकीवर बोट ठेवून म्हणाली, ही माझीपण होती. मास्तर म्हणाले, "तुझी त्यातल्या त्यात बरी होती." लेक म्हणाली, बाबा हे चक्क कौतुक आहे. मास्तरांनी ते नाकारलं नाही.

गोदामातली व्हॅन तोवर दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती. मुकादम म्हणाला, बघू, पुढे जागा झाली तर. मास्तर "बरं" म्हणाले आणि खोके भरायला गेले.

थंडी अजून होती. रात्रभरात गाडीच्या काचांवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरे आणि तो खरवडून काढायला पंधरा मिनिटं लागत. उन्हातल्या त्या दुपारनंतर मास्तर रोज पहाटे बायकोच्या आधी उठत आणि खाली जाऊन काचा साफ करत. तिने एकदा म्हटलं होतं, कशाला एवढ्या थंडीत. त्यांनी ऐकलं नव्हतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती खाली आली तेव्हा चारही काचा स्वच्छ होत्या आणि मास्तर हातमोजे झटकत उभे होते. तिने किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"घ्या. आज तुम्ही सोडा मला. लायसन्स आहे आता."

मास्तरांनी किल्लीकडे पाहिलं. हात पुढे झालाच होता. तो त्यांनी मागे घेतला.

"मग दुपारी तू परत कशी येशील?" ते म्हणाले. "तुझी गाडी आहे. तूच ने."

तिने किल्ली मुठीत घेतली. मग आत बसली, पट्टा लावला, आरसे पाहिले. आपला स्कार्फ नीट केला. गाडी हळूच गल्लीत निघाली. मास्तर फुटपाथच्या कडेला उभे होते. रस्त्यावरचे दिवे अजून लागलेले होते आणि मागची स्वच्छ काच त्या उजेडात दूरपर्यंत चमकत गेली. ती आरशात बघत असेल किंवा नसेलही. बघत असली तर दिसावं म्हणून त्यांनी हात वर केला, आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.